कण्हेरमाळचा पाठमोरा थांबा

कण्हेरमाळला जायला थेट गाडी नाही. पाणीटाकीच्या चौकात उतरायचं, तिथून वडापची जीप मिळाली तर बरं, नाहीतर दगडखाणीच्या कडेनं जाणारा चढ पायी चढायचा. माळावर पोचलं की घरांच्या आधी दिसतो तो बसचा थांबा. लोखंडी खांब, त्यावर उन्हानं पांढरी पडलेली पाटी. खांबाच्या बुडाशी हळदीकुंकवाचे इतके थर की लोखंड दिसत नाही. शेजारी खाणीतल्या काळ्या दगडाचं सपाट बाकडं. आणि त्या बाकड्यावर, दिवसा केव्हाही जा, एक माणूस बसलेला असतो. रस्त्याकडे पाठ करून.

कधी म्हातारा असतो, कधी लसूण सोलणारी बाई, कधी परीक्षेचं पुस्तक उघडून बसलेला कॉलेजातला मुलगा. माणूस बदलतो, पाठ बदलत नाही. थांब्यावरचा माणूस जगभर रस्त्याकडे डोळे लावून असतो, आणि इथला वस्तीकडे तोंड करून. येणारा पाहुणा अडखळतो, हसतो, फोटो काढतो आणि मग कुणालातरी विचारतो.

वस्तीतले हरबा तात्या ती गोष्ट सांगतात. पाहुण्याला आधी ओट्यावर बसवतात. "बसा निवांत," म्हणतात, "गाडी चुकायचं भ्या न्हाई तुमाला. गाडीच न्हाई." मग पान जुळवत सांगू लागतात. त्यांनी ती आपल्या आजीकडून ऐकली, आजीनं म्हणे डोळ्यांनी पाहिली.

कण्हेरमाळची माणसं मुळात नदीकाठची. परीट, कोळी, हमाल, भाजीवाल्या. एका पुरात त्यांची आळी गेली आणि शहरानं त्यांना उचलून या माळावर आणून ठेवलं. माळावर तेव्हा कण्हेरीशिवाय काही नव्हतं, आणि कण्हेरीला शेळीसुद्धा तोंड लावत नाही. माणसांनी येताना नदीतल्या साती आसरांचे दगड डोक्यावरून आणले. पाण्यातल्या देवता कोरड्या माळावर एका ओट्यावर मांडल्या. लोक म्हणत, आपल्याबरोबर आयाही विस्थापित झाल्या.

मग गाडी सुरू झाली, आणि गाडी आली म्हणून माळाची वस्ती झाली, असं सांगतात. सिटी बस वर यायची, माणसं भरून खाली पाणीटाकीच्या चौकात न्यायची. तिथं स्टेशनकडून येणारी दुसरी गाडी मिळायची. ती मंडईला जायची, गिरणीवरून जायची आणि शेवटी सरकारी दवाखान्याला. माळाची गाडी वेळेत उतरली तर दुसरी मिळे, जरा उशीर झाला की तिची नुसती धूळ दिसे. याला वस्तीत गाठ म्हणत. 'आज गाठ पडली,' 'आज गाठ चुकली,' एवढ्या दोन वाक्यांत माळावरच्या माणसाचा दिवस कसा गेला ते कळायचं.

अंजिराबाई खिलारे या वस्तीतली परटीण. नवरा पुरानंतरच्या तापात गेला. नदी सुटली तसा घाटही सुटला. माळावरच्या टँकरच्या पाण्यात धंदा कसला होणार, म्हणून ती शहरात चार घरी धुणं धुवायला जायची. तिची एकच मुलगी, मंदा. नवरा तापानं फणफणत असताना वस्तीत कुणालाच काही कळत नव्हतं. कुणी लिंबू ओवाळलं, कुणी पाला बांधला. त्या वेळी अंजिराच्या मनात एक गोष्ट पक्की बसली. या वस्तीत एक तरी माणूस असा हवा, ज्याला ताप म्हणजे काय ते समजतं. मंदा शाळा संपवून दवाखान्यातल्या नर्सिंगच्या वर्गात दाखल झाली, तेव्हा अंजिरा आयांच्या ओट्यावर जाऊन नुसती बसून राहिली म्हणे. जन्मभर लोकांची पांढरी कापडं धुतली होती. आता एक पांढरी साडी तिला आपल्या घरच्या दोरीवर वाळताना बघायची होती.

आणि मध्येच गाडी बंद झाली.

कारण कुणी सांगितलं नाही. वस्तीतली पाचसहा माणसं कामं बुडवून बसच्या ऑफिसात गेली. अंजिरा होतीच. खूप वेळानं साहेबानं आत बोलावलं. त्यानं मान वर केली नाही.

"मी स्वतः येऊन बघून गेलोय," तो म्हणाला. "भर दुपारी आलो होतो. थांब्यावर चिटपाखरू नव्हतं. माणूसच नाही तिथं गाडी कशाला पाठवू?"

भर दुपारी थांब्यावर माणूस नव्हता, कारण सगळी माणसं सकाळी त्याच गाडीनं कामाला गेली होती. एवढं एक वाक्य त्या खोलीत कुणाच्याही तोंडून निघालं नाही. माणसं हात जोडून बाहेर आली आणि चढ चढताना एकमेकांना म्हणाली, "बघा, थांबा उघडा पडला म्हणून गाडी गेली." साहेबानं दोष दिला तो त्यांनी घरी आणला, आणि देवासारखा मांडला.

त्या संध्याकाळी अंजिरानं आयांपुढं पदर पसरला. मंदा रोज खाणीच्या वाटेनं खाली उतरून दवाखान्यापर्यंत चालत होती. परत येईपर्यंत पायांना गोळे यायचे, पुस्तक उघडलं की डोळे मिटायचे. "आयांनो," अंजिरा म्हणाली, "गाडी परत येऊ द्या. थांबा पुन्हा उघडा पडायचा न्हाई. माळावर माणूस हाय तोवर थांब्यावर माणूस असंल."

सगळ्या वस्तीनं त्या शब्दाला हात लावला. खाणीतून काळा दगड ओढून आणला, त्याचं बाकडं केलं आणि घरोघरची पाळी लागली. आज पवारांची, उद्या कोळ्यांची, परवा खिलाऱ्यांची. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत त्या घरचं एक माणूस थांब्यावर बसायचं.

आणि गाडी परत आली.

का आली हे कुणालाच ठाऊक नव्हतं. निवडणूक जवळ आली होती, असंही म्हणतात. माळावर मात्र कारण एकच धरलं गेलं. खांबाला हळदकुंकू लागलं. पाळीला नेम आले. पाळीवाल्यानं चपला काढून बसायचं. उजेड असेतोवर दुसरं माणूस आल्याशिवाय थांबा सोडायचा नाही. गाडी आली की उभं राहून तिला हात करायचा, देवाला करावा तसा. आणि काहीही झालं तरी पाळीवाल्यानं गाडीत चढायचं नाही, कारण तो चढला की थांबा उघडा.

ज्या गाडीसाठी नवस केला, त्या गाडीत न चढणं हाच नवस होऊन बसला. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

गाडीवर दस्तगीर मामा म्हणून ड्रायव्हर होता. मनानं चांगला, तोंडानं फटकळ. पहिले काही दिवस तो दुपारच्या फेरीला थांब्यावर हात बघून गाडी थांबवायचा.

"चढा मावशी."

"न्हाई मामा, पाळी हाय."

"मग हात कशाला केला? गाडीची दृष्ट काढताय व्हय?"

"आपला नेम हाय त्यो."

"नेम!" मामा कंडक्टरला म्हणायचा, "ऐकलंस का रे? उद्या माळा घालतील गळ्यात."

"माळा परवडल्या मामा," कंडक्टर म्हणायचा, "ववाळायला दिवा नको धरू देत. डिझेलची गाडी हाय."

गाडीतली माणसं हसायची. पण थांबायचं, विचारायचं, निघायचं, यात वेळ जायचाच. रिकामी पाटी घेऊन मंडईला निघालेली एखादी भाजीवाली खिडकीतून ओरडायची, "अवं, तुमच्या नमस्कारापायी आमची गाठ चुकती की! मंडईत काय दगड इकू?" तिचंही बरोबर होतं. चौकातली दुसरी गाडी कुणाच्या नवसासाठी थांबत नव्हती.

मग दस्तगीर मामानं आपल्यापुरती वाट काढली. दुपारी थांब्यावर एकटंच माणूस दिसलं की तो पाळीवाला समजायचा. गाडी जरा हळू करायची, हसून उलट हात करायचा आणि पुढं जायचं. कंडक्टर दोरी ओढायचा. एक घंटी वाजली की गाडी थांबते, दोन वाजल्या की निघते, हे माळावर रांगतं पोरही जाणत होतं. थांब्यासमोर दोन वाजायच्या. टिंग टिंग.

वस्तीला याचं वाईट वाटलं नाही. उलट अभिमान वाटला. "आमच्या थांब्याला गाडी सलाम करून जाती," माणसं पाहुण्यारावळ्यांना सांगायची. अंजिरानंही सांगितलं होतं.

मंदाची शेवटची परीक्षा आली. लेखी संपली होती. उरला होता तो हातानं करून दाखवायचा भाग, दवाखान्यात, मोठ्या सिस्टरसमोर. तो पार पडला की मंदा नर्स. परीक्षा दुपारची होती. मंदा एरवी सकाळच्या गर्दीतून जायची. दुपारच्या गाडीनं ती कधी गेली नव्हती. आणि त्याच दिवशी पाळी होती खिलाऱ्यांची.

अंजिरानं त्या दिवशी कुणाच्या घरी धुणं धुतलं नाही. कोळशाच्या इस्त्रीनं मंदाची पांढरी साडी अशी केली की घडी हाताला कापावी. शेजारच्या कोळणीनं विचारलं, "अंजिरे, मी बसू का आज पाळीला? तुमी दोघी जावा आपल्या." अंजिरा म्हणाली, "कशाला? मंदा थांब्यावर हायेच की गाडी येईस्तोवर. गाडी आली की मी बसंन. एका जिवात दोन कामं होत्यात." बोलताना ती हसली होती म्हणे. इतक्या दिवसांनी तिला काहीतरी सोपं झाल्यासारखं वाटत होतं.

मंदा चपला घालूनच बाकड्यावर बसली. अंजिरा म्हणाली, "बस हिथं. मी आयांचं कुंकू घिऊन आले." ओटा काही लांब नव्हता. तिनं दिवा लावला, सातही दगडांवर पाणी घातलं, चिमटीत कुंकू घेतलं आणि मूठ मिटून परत निघाली.

वळणावर गाडीचा आवाज आला. अंजिराला तिथून सगळं दिसत होतं. मंदा उठली. साडी सावरली. रस्त्याच्या कडेला येऊन तिनं हात वर केला. गाडी हळू झाली. अंजिराला बरं वाटलं. ती पळू लागली ते गाडी चुकेल म्हणून नव्हे, कपाळाला कुंकू लावायचं राहील म्हणून.

गाडी थांबली नाही. खिडकीतून दस्तगीर मामाचा हात बाहेर आला, हलला. मग घंटी ऐकू आली. टिंग टिंग.

मंदा गाडीमागं धावली. "मामा! ओ मामा!" गाडीतल्या कुणाला ते ऐकू गेलं नाही. किंवा गेलंही असेल, आणि पाळीवाली पोर उत्साही आहे असं वाटलं असेल. धूळ खाली बसेपर्यंत मंदा रस्त्याच्या मधोमध उभी होती. अंजिरा तिच्यापर्यंत पोचली तेव्हा तिच्या मुठीतलं कुंकू घामानं ओलं झालं होतं.

"आये," मंदा म्हणाली, "मामा माझ्याकडं बघून हसला गं. त्यानं मला हात केला."

एवढंच ती म्हणाली. मग चपला हातात घेतल्या आणि खाणीची वाट धरली. अंजिरा तिच्यामागं जायला वळली आणि जागच्या जागी थांबली. बाकडं रिकामं होतं. ती परत येऊन बाकड्यावर बसली. का बसलीस, असं तिला पुढं कुणी विचारलं नाही, पण ती स्वतःला विचारत राहिली. पोर एकटी खाणीच्या कडेनं पळत होती आणि आई दगड राखत बसली होती.

मंदा चौकात पोचली तेव्हा दुसरी गाडी गेलेली होती. गाठ चुकली. ती तशीच दवाखान्यापर्यंत गेली. वर्गाचं दार लागलं होतं. दारावरचा माणूस काही वाईट नव्हता. तो म्हणाला, "बाई, तुझं नाव दोनदा पुकारलं. आता दार उघडलं तर माझी नोकरी जाईल. पुढच्या वर्षी ये." मंदा बाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिली. बरोबरीच्या मुली हसत बाहेर आल्या, तशी उठून चालू लागली.

ती घरी आली तेव्हा साडीचा काठ खाणीच्या मुरुमानं लाल झाला होता. अंजिरानं तो रात्रीच भिजत घातला. घासला, उन्हात टाकला, पुन्हा घासला. परटिणीच्या हातून तो डाग निघाला नाही, असं सांगतात.

दुसऱ्या दिवशी दस्तगीर मामाला कळलं. त्यानं भर दुपारी माळावर गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. गाडीतलं कुणी त्या दिवशी गाठ चुकेल म्हणून ओरडलं नाही. बाकड्यावर पाळी होती कोळ्यांची, पण अंजिरा तिथंच खांबाला टेकून उभी होती.

"अंजिराक्का," मामा म्हणाला, "मला वाटलं पाळीवाली हाय. खुदा कसम."

अंजिरा म्हणाली, "तुमचं काय चुकलं मामा? पाळी मीच लावली न्हवं."

मामानं हातातली टोपी डोक्यावर चढवली. मग गाडीत चढला. कंडक्टरनं त्या दिवशी घंटी वाजवली नाही.

त्या संध्याकाळी अंजिरानं वस्ती आयांच्या ओट्यावर बोलावली. ती वस्तीपुढं अशी कधी बोलली नव्हती.

"पाळी मोडा," ती म्हणाली.

सोनाई कोळीण, सगळ्यांत म्हातारी, म्हणाली, "पोरीची परीक्षा चुकली, वंगाळ झालं. पण म्हून आयांचा शब्द मोडतीस? तुजाच शब्द हाय त्यो."

"माजाच हाय. म्हूनच म्हणते. थांब्यावर बसून बसून आपण गाडीला सवय लावली, आपल्याला सोडून जायाची."

"आणि पाळी सोडली अन् गाडी गेली, मंजी?"

"जाऊ द्या. चला, सगळी मिळून त्या साहेबाच्या हापिसात जाऊ. पाळी लावायची तर तितं लावू. त्याच्या दारात बसू रोज एक घर. बघू कवा मान वर करतोय."

हरबा तात्या इथं पान बाजूला ठेवतात. त्या संध्याकाळी माणसं उठली असती तर, असं ते म्हणत नाहीत. फक्त सांगतात, की कुणी उठलं नाही. एक म्हणाला, रोजचं काम बुडवून तिकडं कोण बसणार. दुसरा म्हणाला, तिथं आपल्याला कोण बसू देणार. तिसऱ्यानं हात जोडून म्हटलं, बाई, आहे ती गाडी घालवू नकोस. थांब्यावर काम बुडवून ती माणसं रोज बसतच होती. दगडावर बसायची सवय झाली होती, साहेबाच्या दारात बसायची नव्हती.

शेवटी सोनाईनं तोड काढली. पाळी चालू राहील, पण यापुढं पाळीवाल्यानं रस्त्याकडे पाठ करून बसायचं आणि हात करायचा नाही. ज्याला खरंच जायचं असेल तोच रस्त्याकडे तोंड करील. म्हणजे ड्रायव्हरची फसगत नको. सगळ्यांना ते पटलं. आयांचा शब्दही राहिला असता आणि पुढची एखादी मंदा गाडीवाचून मागंही राहिली नसती. पहिली पाठमोरी पाळी अंजिराला दिली. ती बसली.

पुढची मंदा व्हायला वेळच मिळाला नाही. काही दिवसांतच एका सकाळी गाडी आली नाही. डबे घेतलेली माणसं रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. सूर्य डोक्यावर आला तरी उभी होती. दुसऱ्या दिवशीही आली नाही. कुणी म्हणालं, रस्ता बदलला. कुणी म्हणालं, तोट्यात होती. दस्तगीर मामाला दुसऱ्या टोकाच्या गाडीवर टाकलं होतं. ऑफिसातून माळावर कधी कुणी सांगायला आलं नाही, आणि माळावरूनही या खेपेला कुणी विचारायला गेलं नाही. कारण माळाला उत्तर मिळालं होतं. अंजिरा आयांपुढं पाळी मोडा म्हणाली होती. तिच्या तोंडानं गाडी गेली.

टँकर आला की तिची घागर मागं सारली जाऊ लागली. तिच्याशी कुणी भांडलं नाही. भांडण झालं असतं तर तिला बरं वाटलं असतं. मंदाला पुढच्या वर्षी परीक्षेला बसायचं तर पुन्हा वर्षभर वर्गाला रोज जायला हवं होतं, आणि रोज जायला गाडी नव्हती. काही महिने ती चालली. मग पावलं खाणीपाशीच थांबू लागली, तिथं खडी फोडायचं काम होतं. मग तिचं लग्न झालं, लांबच्या कुठल्या गावाला. त्या गावालाही गाडी जात नाही म्हणे. जाताना तिनं पांढरी साडी नेली नाही.

त्यानंतर हळूहळू घरोघरची पाळी अंजिराकडे येऊ लागली. "तुज्यामुळं गेली, तूच बस," असं कुणी तोंडावर म्हटलं नाही. "अंजिरे, आज आमच्याकडं पाव्हणं हायेत, बसशील का?" असं म्हणत. ती बसायची. पाठीमागं रिकामा रस्ता, पुढं वस्ती. तिला दारं दिसत. तापानं फणफणलेलं पोर मांडीवर घेऊन बसलेली बाई दिसे. दप्तर पाठीला लावून खाणीची वाट उतरणाऱ्या मुली दिसत. दरवर्षी त्या थोड्या कमी होत. तिला वाटे, नदीकाठी असताना निदान पूर आला की आवाज तरी यायचा.

एका दुपारी पाळी बदलायला आलेल्या बाईनं पाहिलं, अंजिरा मान किंचित कलती करून ऐकत होती.

"काय गं अंजिरे?"

"घंटी वाजली."

"कसली घंटी? रस्त्यावर कुत्रंबी न्हाई."

"गाडीची. वाजली मागं."

बाईनं रस्त्याकडे पाहिलं. धूळसुद्धा उडत नव्हती. तिला भीती वाटली, पण तिच्यानं राहवेना. "किती वाजल्या?" तिनं विचारलं.

अंजिरानं दोन बोटं वर केली.

ती गेली तेव्हाही त्याच बाकड्यावर होती, असं सांगतात. पुढच्या घरचं माणूस आलं, हाक मारली, ती उठली नाही. रस्त्याकडे पाठ तशीच. तिला उचलायला पुरुष जमले, पण त्याआधी कुणीतरी एकजण बाकड्याच्या उरलेल्या जागेवर टेकला. थांबा उघडा पडायला नको म्हणून.

गोष्ट इथं संपते, आणि पाहुणे नेहमी एकच प्रश्न विचारतात. शिकलेले असतात, त्यांना राग आलेला असतो. ते विचारतात, "तात्या, गाडीच येत नाही, तर पाळी कशासाठी?"

"उठलो अन् उद्याच आली, मंजी?" तात्या म्हणतात.

"मग ऑफिसात जाऊन कुणी सांगत का नाही?"

तात्या हसतात, तोंडात दात फार उरलेले नाहीत. "साहेब येऊन गेला की मागं. नवा हाय. जीपमधनं आला हुता, बघाय, हिथं गाडी लागती का न्हाई. खाली उतरला न्हाई. काचेतनं बघितलं. बाकड्यावर आमचा गडी पाठ करून बसलेला." तात्या पान दुमडून गालात ठेवतात. "म्हणाला, ह्यो तर रस्त्याकडं बघत बी न्हाई. ह्यास्नी गाडी नकोच हाय."

आजही कण्हेरमाळवर उजाडलं की कुणीतरी चपला काढून त्या काळ्या दगडावर बसतं. खांबाला कुंकू लागतं. मुली खाणीची वाट उतरतात, आजाऱ्याला चादरीच्या झोळीतून चौकापर्यंत नेतात, तिथं दवाखान्याच्या गाडीची गाठ पडते किंवा चुकते. आजही भर दुपारी, वारा पडलेला असताना, पाळीवरच्या माणसाची मान एकाएकी कलती होते. जाणाऱ्यायेणाऱ्याला कळतं, त्याला घंटी ऐकू आली. माणसं जागच्या जागी थांबतात. दारातली बाई हातातलं काम सोडते. कुणीतरी लांबून विचारतं, किती?

तो वळून बघत नाही. वळायचं नसतं. तो फक्त हात वर करतो, आणि सगळ्या वस्तीला दिसतील अशी दोन बोटं दाखवतो.